ग्लासगो कोमा स्केल

ग्लासगो कोमा स्केल ही रुग्णाच्या शुद्धीची पातळी त्याच्या खाटेपाशीच मोजण्याची पद्धत आहे. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल या तीन प्रतिसादांना स्वतंत्र गुण दिले जातात. त्यांची बेरीज कमीत कमी ३ व जास्तीत जास्त १५ असते. अपघात विभागात व अतिदक्षता विभागात ही नोंद प्रामुख्याने परिचारिका ठेवतात.

इतिहास

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील मेंदूशल्यविशारद ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत मांडली. तत्पूर्वी ‘अर्धवट बेशुद्ध’, ‘गुंगीत’ अशा शब्दांत नोंदी होत. या शब्दांचा अर्थ प्रत्येक निरीक्षक आपापल्या परीने लावी; त्यामुळे पाळी बदलल्यावर रुग्ण खरोखर खालावला की केवळ शब्द बदलला, हे कळत नसे. मूळ मांडणीत हालचालीचे पाच स्तर होते. पुढे ते सहा झाले.

गुणांकन

डोळे उघडणे: आपणहून ४, आवाज दिल्यावर ३, दाब दिल्यावर २, मुळीच नाही १.

बोलणे: स्वतःचे नाव, ठिकाण व महिना अचूक सांगणे ५, गोंधळलेले बोलणे ४, सुटे शब्द ३, केवळ कण्हणे २, काहीच नाही १.

हालचाल: सांगितलेली कृती करणे ६, डोक्यावर वा मानेवर दाब दिलेल्या जागी हात नेणे ५, हात चटकन आखडून घेणे ४, हात विकृत रीतीने दुमडणे ३, हात ताठ सरळ होणे २, काहीच नाही १.

आवाजाला प्रतिसाद न मिळाल्यास प्रथम बोटाच्या टोकावर, नंतर खांद्याच्या स्नायूवर किंवा भुवईखालील खाचेवर दाब देतात. दोन्ही हातांचा प्रतिसाद भिन्न असल्यास अधिक चांगला प्रतिसाद गुणांसाठी धरतात.

अर्थ व महत्त्व

डोक्याच्या इजेत १३ ते १५ गुण सौम्य, ९ ते १२ मध्यम व ८ किंवा त्याहून कमी गुण तीव्र इजा दर्शवतात. ८ किंवा त्याखाली रुग्णाला स्वतःचा श्वासमार्ग सुरक्षित राखता येईलच असे नसते. उलटी वा लाळ फुप्फुसात जाण्याचा धोका असल्याने श्वासनलिकेत नळी घालण्याचा विचार तातडीने करावा लागतो.

तथापि एका वेळच्या आकड्यापेक्षा त्यातील बदल अधिक बोलका असतो. कवटी व मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव होत असताना रुग्ण काही काळ व्यवस्थित बोलू शकतो. दहा वाजता १५ गुण असलेला रुग्ण साडेदहाला हाक मारल्यावरच डोळे उघडू लागला व महिना चुकीचा सांगू लागला, तर त्याचे गुण १३ होतात. हा आकडा ‘सौम्य’ गटातलाच असला, तरी ही घसरण डॉक्टरांना तत्काळ कळवणे आवश्यक असते. ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार गुण १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने, त्यानंतर दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढील चार तास दर तासाने व नंतर दर दोन तासांनी तपासणी करतात. रात्री रुग्ण झोपलेला दिसला, तरी त्याला जागे करूनच नोंद करावी लागते. झोप व वाढती गुंगी दुरून सारखीच दिसतात.

मर्यादा

नळी घातलेल्या रुग्णाचे बोलणे, तसेच सुजलेल्या पापण्यांमुळे डोळे उघडणे तपासता येत नाही. अशा वेळी १ गुण न देता ‘तपासता येत नाही’ असे लिहितात. गुंगीची औषधे, मद्य, बहिरेपणा किंवा अपरिचित भाषा यांमुळेही गुण कमी येऊ शकतात. म्हणून प्रश्न रुग्णाला समजणाऱ्या भाषेत विचारणे गरजेचे असते. बाहुल्यांचा आकार व प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद यांची नोंद स्वतंत्रपणे केली जाते.

एकच बेरीज निरनिराळ्या घटकगुणांतून येऊ शकते. त्यामुळे पाळी सोपवताना ‘गुण १३’ एवढेच न सांगता ‘डोळे ३, बोलणे ४, हालचाल ६’ असे सांगतात. दोन्ही परिचारिकांनी एकत्र तपासणी केल्यास पुढील घसरण ओळखणे सुकर होते.