प्रादेशिक सेनेची वर्दी आणि आपला तरुण

वर्षातले काही आठवडे अंगावर लष्करी वर्दी आणि एरवी आपली नोकरी, धंदा नाहीतर शेती. प्रादेशिक सेनेची, म्हणजे टेरिटोरियल आर्मीची, ही रीत आहे. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींनी तिचे उद्घाटन केले. तरीही आपल्या वस्त्यांत तिची चर्चा नाही. २०११ साली धोनीला या सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल केले तेव्हा टीव्हीवर केवढा गवगवा झाला! पण दहावी पास पोरगाही तेथे शिपाई म्हणून भरती होऊ शकतो आणि पदवीधर वयाच्या ४२ व्या वर्षापर्यंत अधिकारी होण्यासाठी अर्ज करू शकतो, हे कोणी सांगितले?

लष्कराशी आपले नाते जुने आहे. रामजी सकपाळ लष्करात होते, सैनिकी शाळेत मुख्याध्यापक झाले. त्या घरात बाबासाहेब घडले. पुढे १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी केली आणि युद्ध संपताच, १९२१ पर्यंत, तीही मोडीत काढली. बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले त्याच वर्षी, ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. गरज पडली की बोलवा आणि गरज सरली की घरी पाठवा, हा खेळ आमच्या आजोबा-पणजोबांनी भोगला आहे. म्हणून अर्धवेळ सैनिकाच्या बाबतीत आमचा पहिला प्रश्न असा की, परत आल्यावर त्याच्या पोटाचे काय?

फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. सेवेवर असताना त्या हुद्द्याच्या नियमित सैनिकाइतकाच पगार व भत्ते मिळतात. शिवाय कॅन्टीन आणि औषधोपचाराची सोय असते. शिस्त, शस्त्राचे शिक्षण आणि माणसे हाताळण्याचा सराव हे तर पैशात मोजता येत नाही. महार रेजिमेंटशी जोडलेली ११५ वी बटालियनही या सेनेत आहे. मात्र ही कायमची नोकरी नव्हे आणि पेन्शनची हमीही नाही. अधिकारी व्हायचे तर स्वतःच्या कमाईचे साधन आधीच असावे लागते. बेकार पोराला सरकारी पगार लावून देणारी ही योजना नाही, हे भरतीच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी समजून घेतलेले बरे.

१९४८ च्या कायद्याचे सातवे कलम आमच्या लोकांनी वाचलेच पाहिजे. सैनिक सेवेहून परतला की मालकाने त्याला पूर्वीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर पुन्हा कामावर घ्यावे, असे ते सांगते. बोलावणे येणार म्हणून आधीच कामावरून काढून टाकण्याची पळवाटही त्याने बंद केली आहे. पण मालकाने ऐकले नाही तर नुकसानभरपाई किती? जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराएवढी.

आणि हे कलम लागू कोणाला करून घेता येईल? ज्याच्याजवळ नेमणुकीचे पत्र आहे त्याला. आमचा तरुण ठेकेदाराकडे आहे. सफाईत, सिक्युरिटीत, गोदामात. अकरा महिन्यांचा करार संपला की मालक म्हणतो, 'हा माझा माणूसच नाही.' मे २०२५ मध्ये सरकारने ही सेना बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले तेव्हा वर्तमानपत्रांत देशभक्तीचे मथळे आले. ठेक्यावरच्या जवानाच्या नोकरीवर मात्र कोणी दोन ओळी खरडल्या नाहीत. आमच्या आमदार-खासदारांनी विधिमंडळात आणि संसदेत हा प्रश्न विचारावा. ठेक्याचा मूळ मालक, मग तो कारखाना असो की महापालिका, या कलमाखाली जबाबदार धरावा.

तोवर ज्यांना जायचे त्यांनी जरूर जावे. पण निघण्यापूर्वी मालकाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. पगाराच्या पावत्या, हजेरी कार्ड, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक यांच्या झेरॉक्स घरात जपून ठेवाव्यात. उद्या प्राधिकाऱ्यापुढे उभे राहायची वेळ आली तर तेथे हेच कागद मागतील.