चाकाच्या धारव्याची झीज : निदान आणि पालट

मोटारीचा वेग वाढेल तशी चढत जाणारी आणि वेग उतरताच मावळणारी घरघर चालकाच्या कानी पडू लागली, म्हणजे तिचा अर्थ लावण्याचा प्रश्न उभा राहतो. मराठीत अनुकरणवाचक शब्दांची वाण नाही. घरघर, कुरकुर, खडखड, टकटक हे शब्द गॅरेजात येणारा प्रत्येक गाडीवाला वापरतो. परंतु एकाची घरघर ती दुसऱ्याची गुणगुण असते. म्हणून केवळ वर्णनावर विसंबून निदान करणे धोक्याचे होय. आवाजाला नाव काय दिले यापेक्षा तो कोणत्या परिस्थितीत बदलतो आणि कोणत्या परिस्थितीत बदलत नाही, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. ‘काळ’ आणि ‘गाळ’ या जोडीत बाकी सर्व कायम राहून एकच घटक बदलतो, आणि त्या एका बदलाने अर्थ पालटतो, म्हणून क आणि ग हे मराठीतील दोन भिन्न स्वनिम ठरतात. झिजलेला धारवा ओळखण्याची रीत नेमकी याच जातीची आहे.

धारवा म्हणजे बेअरिंग. परिभाषेतील हा शब्द सुबोध असला तरी कामगारांच्या तोंडी बेअरिंगच रुळले आहे, आणि त्यात वावगे काही नाही. बैलगाडीच्या जुन्या चाकात तुंबा आसावर सरळ घासत फिरे आणि वंगणावर भागे. आस आणि तुंबा यांच्यामध्ये गोळ्या घालून घासण्याच्या जागी लोळण आणण्याची युक्ती फिलिप व्हॉन याने १७९४ मध्ये इंग्लंडात पेटंट केली. निमुळत्या रुळांच्या धारव्याचे पेटंट हेन्री टिमकेन यास अमेरिकेत १८९८ मध्ये मिळाले. आजच्या बहुतेक मोटारींत गोळ्यांच्या दोन ओळी, आतले कडे, बाहेरचे कडे, गोळ्यांत अंतर राखणारा पिंजरा आणि दोन्ही बाजूंची सीले असा बंदिस्त संच असतो. त्यातील ग्रीस जन्माचे; पुन्हा भरावयाचे नसते.

झीज कशी होते? गोळी कड्यावरून जाते तेव्हा तिच्याखालील पोलाद क्षणभर दबते व सुटते. अशा कोट्यवधी आवर्तनांनंतर पृष्ठभागाच्या किंचित खाली चीर जन्मते, ती वर येते आणि पोलादाचा कपचा उडतो. या थकव्याचे गणित लुंडबर्ग आणि पामग्रेन या स्वीडिश संशोधकांनी १९४७ मध्ये मांडले. त्यानुसार गोळ्यांच्या धारव्यावरील भार दुप्पट झाला, तर त्याचे अपेक्षित आयुष्य जवळजवळ अष्टमांशावर येते. व्यवहारात मात्र बरेच धारवे इतके जगतच नाहीत. खड्ड्यातील एखादा जबर आघात कड्यावर गोळ्यांचे ठसे उमटवतो. साचलेल्या पाण्यातून गाडी हाकली असता सीलमधून पाणी शिरते, ग्रीस बिघडते आणि गंज चढतो.

आता निदान. मोकळ्या रस्त्यावर ठरावीक वेग धरून गिअर न्यूट्रलमध्ये टाकला, की एंजिनाचे फेरे उतरतात, चाकांचे लगेच उतरत नाहीत. घरघर तशीच राहिली तर एंजिन निर्दोष. डांबरी रस्ता सोडून काँक्रीटच्या रस्त्यावर येताच स्वर पालटला, तर संशय टायरवर जातो. धारव्याला रस्त्याच्या पोताशी कर्तव्य नसते. गाडी हलकेच डावीकडे वळविली की भार उजव्या चाकांवर सरकतो. त्या वेळी घरघर वाढली, तर दोषी बहुधा उजवीकडचा धारवा. पूर्ण वळणावर टकटक ऐकू येत असेल, तर ते दुखणे बहुधा ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याचे असते.

यानंतर गाडी सपाट जागी जॅकवर उचलून, स्टँडवर पक्की टेकवून चाक हाताने तपासतात. घड्याळातील बारा आणि सहा यांच्या जागी चाक धरून हलविले असता ते डुगडुगले, तर दुसऱ्या माणसास ब्रेक दाबावयास सांगावे. ब्रेक दाबताच डुगडुग थांबली तर धारवा सैल. न थांबली तर सस्पेन्शनचा बॉल जॉइंट. एका पायाच्या दाबाने दोन शक्यता वेगळ्या होतात. सर्व परीक्षांत ही सर्वांत सुंदर. मात्र बंदिस्त धारवा डुगडुग न दाखविताही खराब झालेला असू शकतो. अशा वेळी एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवावे. खरखर स्प्रिंगमधून बोटांना जाणवते.

इतका खटाटोप कशासाठी? चुकीच्या बाजूचा धारवा बदलला तर पैसे जातात आणि घरघर राहते, हे तर झालेच. परंतु दुर्लक्षिलेल्या धारव्यामुळे ब्रेकची तबकडी डळमळू लागते, ब्रेकचे पेडल खोल जाते, आणि अखेरच्या अवस्थेत चाक अडकते किंवा निखळते.

पालट करताना एक नियम सर्वांवर आहे: दाब नेहमी घट्ट बसणाऱ्या कड्यावरच द्यावा. धारवा नकलमध्ये बसविताना बाहेरच्या कड्यावर, आणि हब आत शिरविताना आतल्या कड्याला आधार देऊन. उलट केले तर सारा दाब गोळ्यांमधून जातो, ठसे उमटतात, आणि नवा धारवा पहिल्याच दिवशी जुना होतो. हातोड्याने ठोकून बसविलेले धारवे थोड्याच महिन्यांत पुन्हा घरघरतात ते यामुळे. दोष मात्र मालाला दिला जातो. हायड्रॉलिक प्रेस किंवा स्क्रूचा पुलर यांना पर्याय नाही. एबीएस असलेल्या गाडीत सीलच्या एका बाजूस चुंबकीय कडे असते; ते सेन्सरकडेच आले पाहिजे. आसाचा नट नवा घ्यावा आणि उत्पादकाने दिलेल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने आवळावा. तोवर गाडीचा भार त्या चाकावर येऊ देऊ नये, कारण सैल नटावर भार आला की दोन ओळींतील बसण दुखावते. जुन्या, निमुळत्या रुळांच्या जोडधारव्यांची गोष्ट निराळी: तेथे नट आवळून पुन्हा किंचित सोडावा लागतो आणि पिन घालून पक्का करावा लागतो.

एका बाजूचा धारवा गेला म्हणून दुसऱ्या बाजूचाही बदलण्याचा आग्रह गॅरेजात धरला जातो. वरील परीक्षांत दुसरी बाजू निर्दोष ठरली असेल, तर त्या आग्रहास आधार नाही.