दुय्यम पदावरील तेहतीस वर्षें

मनूनें आचार्य आणि उपाध्याय यांत भेद केला आहे. शिष्याचें उपनयन करून त्यास समग्र वेद पढवितो तो आचार्य. आणि उपजीविकेसाठीं वेदाचा एखादा भाग किंवा वेदांगें शिकवितो तो उपाध्याय. दहा उपाध्यायांहून एक आचार्य श्रेष्ठ, असा मानाचा हिशेबही त्यानें मांडून ठेविला आहे. हा हिशेब मला अलीकडे एका अगदीं अनपेक्षित ठिकाणीं आठवला. अमेरिकेंतील मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांत मुख्य प्रशिक्षक एक असतो, आणि त्याच्या हाताखालील साहाय्यकांची मर्यादा २०१८ सालीं नवावरून दहा करण्यांत आली. तेथेंही एकाच्या नांवाचा जयजयकार होतो आणि दहांचीं नांवें कोणी फारशीं विचारीत नाहीं.

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. चेंडू लांबट, दोहों टोकांस निमुळता. तो पायापेक्षां हातांनींच अधिक नेला व फेकला जातो. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी. चेंडू ज्या पक्षाकडे असेल त्यास दहा यार्ड पुढें सरकण्यासाठीं चार संधी मिळतात. प्रत्येक संधीनंतर खेळ क्षणभर थांबतो आणि दोन्ही पक्ष नव्यानें व्यूह रचितात. चढाईचे गडी निराळे व बचावाचे निराळे. म्हणून प्रत्येक अंगास स्वतंत्र शिक्षक लागतो. या साहाय्यकांचें आसन मात्र मोठें अस्थिर. मुख्य प्रशिक्षकास काढलें कीं बहुधा त्याचे साहाय्यकही जातात. बिऱ्हाड उचलावें लागतें, मुलांच्या शाळा बदलतात. अशा धंद्यांत एका गृहस्थानें एकाच संस्थेंत तेहतीस हंगाम काढले, आणि तेही सर्वस्वीं दुय्यम पदावर. त्यांचें नांव बड फॉस्टर.

फॉस्टर यांचा जन्म १९५९ सालचा. केंटकी राज्यांतील मरे स्टेट विद्यापीठांत ते विद्यार्थी असतांना बचावाच्या बाजूस खेळत. तेथें फ्रँक बीमर हे त्यांचे प्रशिक्षक होते. १९८१ सालीं बीमर मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्याच सुमारास फॉस्टर त्यांच्या हाताखालीं उमेदवारी करूं लागले. १९८७ च्या हंगामास बीमर यांना त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठानें, व्हर्जिनिया टेकनें, बोलावून घेतलें. डोंगरांच्या कुशींतील ब्लॅक्सबर्ग या लहानशा गांवीं हें विद्यापीठ आहे. गुरूमागून शिष्य तेथें गेला, आणि पुन्हां तेथून हलला नाहीं.

आरंभींचीं वर्षें सुखाचीं नव्हतीं. १९९२ सालीं अकरा सामन्यांत दोनच विजय पदरीं पडले. परंतु पुढल्याच वर्षीं दिवस पालटले. १९९३ पासून २०१९ पर्यंत सलग सत्तावीस हंगाम या संघास वर्षअखेरच्या मानाच्या सामन्याचें निमंत्रण येत राहिलें. १९९५ सालीं फॉस्टर बचाव विभागाचे संयुक्त प्रमुख आणि पुढील वर्षीं एकटे प्रमुख झाले. त्यांचें काम म्हणजे पुढील प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या सामन्यांचीं चित्रें पुनःपुन्हां पाहावयाचीं, त्याच्या खोडी हुडकून काढावयाच्या, त्यांवर तोड योजावयाची, आणि अठरा ते बावीस वर्षांच्या मुलांच्या ती अंगवळणीं पाडावयाची. सामन्याच्या दिवशीं विचारास सवड मिळते ती कांहीं सेकंदांची. हंगाम संपला कीं पुढील वर्षांचीं मुलें मिळविण्यासाठीं गांवोगांव हिंडावयाचें आणि त्यांच्या आईबापांजवळ बसून त्यांची खात्री पटवावयाची.

१९९५ सालींच बचावाच्या गड्यांमध्यें एक प्रघात पडला. खाणींतील कामगार शिदोरी नेतात तसला एक पोचे आलेला पत्र्याचा डबा आणला गेला. प्रामाणिकपणें राबणें हेंच आपलें भांडवल, एवढाच त्याचा अर्थ. तो डबा प्रत्येक सामन्यास बरोबर जाई, आणि ज्यानें तो वाहावा तो गडी आपल्या श्रमानें त्या मानास पात्र ठरलेला असे. पुढें १६ एप्रिल २००७ रोजीं त्या विद्यापीठांत एका माथेफिरूनें गोळ्या झाडून बत्तीस विद्यार्थी व अध्यापक यांचे प्राण घेतले. त्या वर्षींच्या हंगामांत त्या बत्तीस जणांचीं नांवें या डब्यांत ठेवलेलीं होतीं. खेळाच्या साधनास याहून गंभीर ओझें क्वचितच वाहावें लागलें असेल.

उत्तम साहाय्यकास दिलें जाणारें ब्रॉइल्स पारितोषिक २००६ सालीं फॉस्टर यांस मिळालें. २०१४ च्या सप्टेंबरांत ओहायो स्टेटसारख्या बलाढ्य संघास त्याच्याच मैदानावर त्यांच्या संघानें ३५-२१ असें हरविलें. तोच ओहायो स्टेट त्या हंगामाचा राष्ट्रीय विजेता ठरला. त्याचा त्या हंगामांतील पराभव एवढा एकच.

येथें कोणी विचारील कीं, इतकी योग्यता असतां हा मनुष्य मुख्य कां झाला नाहीं? मुख्य पदासाठीं त्यांचें नांव अनेकदां घेतलें जात असे. या धंद्यांत मोठ्या साहाय्यकांस वेतनही मोठें असतें, तेव्हां हा कांहीं संन्याशाचा त्याग नव्हे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु मुख्य प्रशिक्षकाचा पुष्कळसा वेळ देणगीदार, वृत्तपत्रें आणि विद्यापीठाचे अधिकारी यांत जातो; शिकविणें हातून सुटत जातें. हेडमास्तर झालेल्या कित्येक चांगल्या शिक्षकांचा खडू असाच सुटलेला मीं पाहिला आहे.

खरी परीक्षा पुढेंच होती. एकोणतीस हंगामांनंतर २०१५ च्या अखेरीस बीमर निवृत्त झाले. जस्टिन फुएन्टे हे नवे मुख्य प्रशिक्षक आले; ते फॉस्टर यांच्याहून सतरा वर्षांनीं लहान. नव्या मुख्यानें आपलीं माणसें आणावीं ही तेथील रीत. परंतु फुएन्टे यांनीं फॉस्टर यांस ठेवून घेतलें, आणि फॉस्टर राहिले. थोरला कर्ता जाऊन पुतण्याच्या हातीं घर आलें म्हणजे काकांची जी परीक्षा होते, ती आपल्या वाचकांस सांगावयास नको. काका रुसून बसले कीं घर फुटतें. आणि पुतण्यानें त्यांना अडगळींत टाकलें तरीही फुटतें. येथें दोघांनींही पायरी सांभाळली, आणि चार हंगाम तें घर एकत्र नांदलें.

२०१९ च्या ऑगस्टांत फॉस्टर यांनीं हा आपला शेवटचा हंगाम असें जाहीर केलें. निरोपाचें वर्ष म्हणून दैवानें सवलत दिली नाहीं. सप्टेंबरांत ड्यूकनें त्यांच्या संघास ४५-१० असें लोळविलें. तरी काम चालू राहिलें. नोव्हेंबरांत जॉर्जिया टेकवर ४५-० आणि नंतर घरच्या मैदानावरील अखेरच्या सामन्यांत पिट्सबर्गवर २८-० असे विजय मिळाले. बचावाच्या शिक्षकास शून्याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती? पुढें ३१ डिसेंबरचा शेवटचा सामना मात्र केंटकी विद्यापीठानें अखेरच्या क्षणीं ३७-३० असा जिंकला. ज्या राज्यांत उमेदवारी आरंभिली, त्याच राज्याच्या संघाकडून हार घेऊन ते घरीं गेले.

आपल्या घरांतील मुलगा नोकरीस लागला कीं दोन वर्षांत आपण त्यास विचारूं लागतों, ‘मुख्य केव्हां होणार?’ प्रश्न मायेचाच असतो. परंतु त्याच्या आधीं आणखी एक प्रश्न विचारावा: ‘हातीं आहे तें काम तुला उत्तम येऊं लागलें का?’ मनूचा हिशेब मानाचा आहे. उपाध्यायाचें काम आचार्याच्या कामाहून दहा पटींनीं हलकें, असें त्यानेंही म्हटलेलें नाहीं.