पान एक, फेऱ्या अडीचशे!

हेमलकसा हे गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यातले गाव. १९७३ साली बाबा आमटे यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि गावाचे नाव सर्वत्र झाले. समजा, तेथील एका दुकानदाराला पन्नास जिनसा आलापल्लीहून आणायच्या आहेत. वाट जंगलाची; पावसाळ्यात नाले भरले की अडणारी. शहाणा दुकानदार यादी करील आणि एका फेरीत माल आणील. मिठासाठी एक फेरी, तेलासाठी दुसरी, असे करणारा गाडीभाड्यातच बुडेल.

आपले पुष्कळ व्यापारी बांधव आता धंद्यासाठी वेबसाइट करून घेतात. त्यांपैकी काहींची पाने नेमकी या दुसऱ्या दुकानदाराच्या रीतीने चालतात. ती कशी, हे समजून घेऊ.

मालाची नावे, भाव व शिल्लक डेटाबेसमध्ये असते. तेथून माहिती मागवणे म्हणजे क्वेरी. पान ज्या साच्यावर उतरते तो टेम्प्लेट. टेम्प्लेट एका क्वेरीने ५० वस्तूंची यादी आणतो आणि एकेक वस्तू छापत जातो. या चक्राला लूप म्हणतात. लूपच्या पोटात प्रत्येक वस्तूचे पुरवठादार विचारणारी क्वेरी घातली की आणखी ५० फेऱ्या झाल्या. प्रत्येक वस्तूचे चार पुरवठादार धरले आणि प्रत्येकाची शिल्लक वेगळी विचारली, तर आणखी २००. एकूण २५१! एका फेरीला एक सेकंदाचा दोनशेवा भाग लागला तरी सव्वा सेकंद गेला. दहा गिऱ्हाइके एकदम आली तर अडीच हजारांवर फेऱ्या. गिऱ्हाईक नेटवर्कला दोष देते आणि निघून जाते. दोष मात्र आपल्या पानात असतो.

दुसरा धोका चुकीचा माल दाखवण्याचा. आतल्या क्वेरीचे उत्तर बाहेरच्या यादीच्याच नावाने साठवले, तर बाहेरची यादी पुसली जाते. एकच वस्तू छापून पान थांबते किंवा एकीच्या नावापुढे दुसरीचा भाव येतो, आणि चुकीची सूचनाही मिळत नाही. वर्डप्रेसमध्ये आतला लूप संपल्यावर मूळ नोंद पूर्ववत करण्याची आज्ञा द्यावी लागते, ती याचसाठी.

उपाय अवघड नाही. क्वेरी टेम्प्लेटमध्ये ठेवू नयेत. माहिती आधी गोळा करावी. टेम्प्लेटने फक्त छापावे. प्रथम वस्तू आणाव्यात, मग त्या सर्वांचे क्रमांक एकत्र देऊन पुरवठादार आणि तसेच शिल्लक मागवावी. २५१ ऐवजी तीन फेऱ्यांत काम होते. ‘जॉइन’ वापरून एकाच क्वेरीत सर्व आणता येते. पण मग प्रत्येक पुरवठादाराबरोबर वस्तूचे नाव पुन्हा पुन्हा येते, म्हणून दोन-तीन क्वेरी अनेकदा सोयीच्या पडतात. ज्या रकान्यावरून शोध घ्यायचा त्याला इंडेक्स असावा. क्वचित बदलणारी माहिती कॅशमध्ये साठवावी. भाव व शिल्लक मात्र शिळी राहता कामा नये.

वेबसाइटचे पैसे चुकते करण्यापूर्वी एक परीक्षा जरूर घ्यावी, असे आम्ही सुचवतो. पानावर १० वस्तू ठेवून किती क्वेरी झाल्या ते कारागिराला विचारावे. मग १०० ठेवून पुन्हा विचारावे. आकडा तोच राहिला तर काम चोख. वस्तूंबरोबर तोही वाढत गेला, तर तुमचा दुकानदार मिठासाठी वेगळा आणि तेलासाठी वेगळा आलापल्लीला जातो आहे, हे ओळखावे.