पोटाचा सांगावा



मी इयत्ता सातवीत शिकते. या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी मला हा लेख लिहायला सांगितला. त्याला कारण माझीच एक फजिती आहे. ती आधी सांगते.

मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीनंतर आमचा सहावीच्या मुलींशी खो-खोचा सामना होता. मला मैदान आखायला जायचे होते, म्हणून मी खिचडीचे ताट घेऊन बसले आणि गपागप जेवले. एकदा वाढून घेतले, दुसऱ्यांदा घेतले, तरी पोट भरल्यासारखे वाटेना. मग तिसऱ्यांदा घेतले. सगळे जेवण पाच मिनिटांत उरकले आणि वर तांब्याभर पाणी प्याले. थोड्या वेळाने पोट असे तट्ट फुगले की नीट वाकता येईना. मला खो मिळाला, मी उठले, चार पावले पळाले आणि पोटात कळ येऊन मटकन खाली बसले. आमचा डाव गेला. मैत्रिणी दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तिसऱ्यांदा घेतलंस तेव्हा भूक होती का?" मी म्हटले, "होती गुरुजी, खरंच होती." गुरुजी म्हणाले, "पोट केव्हाच भरलं होतं. त्याचा सांगावा तुला पोचला नव्हता." हा सांगावा म्हणजे काय, तेच आता सांगते.

अन्नाचे पचन तोंडातच सुरू होते. पुढचे दात घास तोडतात आणि दाढा तो जात्यासारखा दळतात. दळताना त्यात लाळ मिसळते. आपल्या तोंडात रोज अर्ध्या लिटरपासून दीड लिटरपर्यंत लाळ तयार होते. लाळेत अमायलेज नावाचा पाचक घटक असतो. भाकरी, भात, बटाटा यांत जो पिष्टमय पदार्थ असतो, त्याची तो साखर करू लागतो. हे तुम्हालाही करून पाहता येईल. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घ्या. भाजी नको, चटणी नको. तो गिळू नका, नुसता चावत राहा. थोड्या वेळाने तो गोड लागू लागेल. आमच्या वर्गात हा प्रयोग सगळ्यांनी केला, तेव्हा सगळ्यांचे गाल एकदम हलताना पाहून गुरुजींनाही हसू आवरले नाही.

घास न चावता गिळला तर काय होते? माझी आजी म्हणते, "पोटाला काय दात हायेत व्हय?" आजीचे म्हणणे अगदी बरोबर आहे. जठर अन्न घुसळते, पण त्याला दात नाहीत. दाढांनी टाळलेले काम मग त्याच्यावर पडते.

आता सांगाव्याकडे वळू. पोट भरल्याची बातमी मेंदूला दोन वाटांनी जाते. पहिली वाट टेलिफोनच्या तारेसारखी आहे. अन्नाने जठर ताणले गेले की व्हेगस नावाचा मज्जातंतू मेंदूला तसे कळवतो. दुसरी वाट पोस्टमनची आहे. अन्न जठरातून हळूहळू लहान आतड्यात उतरते, तेव्हा आतड्यातून काही संप्रेरके रक्तात मिसळतात. ती मेंदूपर्यंत निरोप नेतात की आता पुरे. पण पोस्टमनला वेळ लागतो. जेवायला बसल्यापासून पोट भरल्याचे नीट जाणवायला साधारण पंधरा-वीस मिनिटे जातात असे म्हणतात. माझे जेवण पाच मिनिटांत झाले होते! म्हणजे पत्र वाटेतच होते आणि मी तिसऱ्यांदा ताट पुढे केले होते.

शास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली आहे. ती माहिती गुरुजींनी आम्हाला वाचून दाखवली. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठातला एक प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात 30 स्त्रियांना एकाच प्रकारचे जेवण दोन वेगवेगळ्या दिवशी दिले. एकदा भराभर खायला सांगितले आणि एकदा लहान घास घेऊन, चावून, सावकाश खायला सांगितले. भराभर जेवण सुमारे 9 मिनिटांत संपले आणि सावकाश जेवणाला सुमारे 29 मिनिटे लागली. भराभर खाताना सरासरी 646 कॅलरी पोटात गेल्या आणि सावकाश खाताना 579. हा फरक साधारण अर्ध्या चपातीएवढा आहे. गंमत अशी की ज्या दिवशी कमी खाल्ले, त्याच दिवशी त्यांना जास्त तृप्त वाटले.

दुसरा प्रयोग ग्रीस देशातील अथेन्स शहरातला असून तो 2010 साली छापून आला. त्यात 17 पुरुषांना 300 मिलिलिटर आइस्क्रीम दिले, एकदा 5 मिनिटांत संपवायला आणि एकदा 30 मिनिटांत. आइस्क्रीम तेवढेच होते, पण सावकाश खाल्ले तेव्हा पोट भरल्याचा निरोप नेणारी संप्रेरके रक्तात जास्त आढळली. आइस्क्रीम काही चावावे लागत नाही. म्हणजे नुसत्या वेगानेसुद्धा फरक पडतो. चावण्याचा फायदा असा की, चावायचे म्हटले की माणूस आपोआप सावकाश जेवतो.

म्हणूनच जो पदार्थ चावावा लागतो तो भसाभस खाल्ला जात नाही. भाकरी, हुरडा, फुटाणे, गाजर, ऊस यांना वेळ द्यावाच लागतो. मऊ खिचडी किंवा चहात बुडवलेले बिस्कीट मात्र कधी घशाखाली गेले ते समजत नाही. खिचडी वाईट नाही बरं का! ती चावून खाण्याची आठवण आपणच ठेवायची.

घरोघरी वडीलधारी माणसे सांगतात की एक घास बत्तीस वेळा चावावा. परदेशातही असेच सांगणारे होऊन गेले. अमेरिकेत होरेस फ्लेचर (1849–1919) नावाचे गृहस्थ होते. अन्न तोंडात पातळ होईपर्यंत चावावे, असा त्यांचा आग्रह होता. पण बत्तीस हा काही जादूचा आकडा नाही. बत्तीस दात मोठ्या माणसाला असतात. माझ्या वयाच्या मुलांना फार तर 28 असतात आणि पहिलीतल्या माझ्या भावाचे तर दुधाचे दात पडत आहेत. भाताच्या घासाला थोडे चावणे पुरते आणि भाकरीला जास्त लागते. घास मऊ झाला की गिळावा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

हे सगळे मी आजीला वाचून दाखवले आणि म्हटले, "आजी, हळू खाल्लं की कमी अन्नात भागतं." त्यावर आजी गप्प झाली. मग तिने 1972 च्या दुष्काळातली गोष्ट सांगितली. तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि तिची आई रोज खडी फोडायला जात असे. कामावर सुकडी मिळायची आणि घरी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी असायची. आजी म्हणाली, "सुकडीची मूठ आम्ही तोंडात घोळवत बसायचो. गपकन गिळली की संपली. पर पोरी, चावून चावून भूक भागत न्हाई. नुसता येळ निभतो. पोटाला अन्नच लागतं."

आजीचे हे बोलणे मला पुस्तकातल्या माहितीइतकेच महत्त्वाचे वाटते. सावकाश खा याचा अर्थ कमी खा असा नाही. आपण वाढत्या वयाची मुले आहोत. ज्याला भूक आहे त्याने न लाजता पुन्हा वाढून घ्यावे आणि पोटभर जेवावे. फक्त पोटाला बोलायला वेळ द्यावा.

पालकांना माझी दोन गोष्टींची विनंती आहे. मुले जेवत असताना "आटप लवकर" असे म्हणू नका. हवे तर आम्हाला दहा मिनिटे आधी उठवा. दुसरी विनंती घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना आहे. माझी आई सगळ्यांच्या शेवटी, उभ्या उभ्या चार घास खाते आणि कामावर पळते. तिच्या पोटाचा सांगावा कोण ऐकणार? हे लिहिताना मला तिची फार आठवण आली. आता आमच्या घरी रात्री सगळे एकदम जेवायला बसतात. भाकरी ज्याची त्याने वाढून घ्यायची, असे ठरले आहे. पहिले दोन दिवस आई सारखी उठत होती. आता ती बसते.

शाळेतही आम्ही एक नियम केला आहे. मधल्या सुट्टीत पंगत बसल्यावर वीस मिनिटे कोणी मैदानाकडे पळायचे नाही. मैदान आता सकाळीच आखून ठेवतो. पुढच्या शनिवारी सहावीच्या मुलींशी पुन्हा सामना आहे. पाहायला जरूर या.

काही चुकले असल्यास क्षमा असावी.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता 7 वी