मालवणच्या पाण्यात नेण्याजोगा छोटा कॅमेरा

पाण्याखालच्या फोटोसाठी कॅमेरा घ्यायचा म्हटलं की आधी मेगापिक्सेलची चौकशी होते. आधी पाहायला हवं ते पाणी. अंदमान-लक्षद्वीपला दूरवरचं स्पष्ट दिसतं; मालवण-तारकर्लीचं पाणी हिरवट आणि बऱ्याचदा गढूळ. तिथे दोन-तीन मीटरवरचा मासाही फिका येतो, मग कॅमेरा कितीही महाग असो.

पाणी सर्वांत आधी लाल रंग शोषून घेतं. पाचेक मीटर खोलीवर तो जवळपास संपलेला असतो. टॉर्च मात्र वस्तूपासून ३० सेंटिमीटरवर धरला, तर प्रकाशाला जाऊन-येऊन ६० सेंटिमीटर पाणीच ओलांडावं लागतं आणि लाल रंग टिकतो. म्हणून गढूळ पाण्यात अगदी जवळून फोकस होणारा कॅमेरा निवडावा.

ऑलिंपसचा टफ टीजी-६ किंवा ओएम सिस्टीमचा टीजी-७ इथे कामाला येतो. वजन सुमारे २५० ग्रॅम, हाउसिंगशिवाय, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या बाहेरच्या पेटीशिवाय, १५ मीटरपर्यंत चालतो, आणि लेन्सपासून एका सेंटिमीटरवरही फोकस होतो. खडकाला चिकटलेला बोटभर खेकडा त्यात डोळ्यांसकट येतो. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेचा सेन्सर क्षेत्रफळाने चौपट मोठा, चित्र निःसंशय सरस. पण हाउसिंगशिवाय तो पाण्यात नेता येत नाही आणि सामान वाढतं. निळ्या पाण्यात जाणाऱ्याने तो जरूर घ्यावा. मालवणसाठी मी टीजी घेईन आणि उरलेले पैसे टॉर्चवर घालीन.

कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश लेन्सला खेटून असतो. धुक्यात घाटातून गाडी नेताना हेडलाइटने समोर पांढरा पडदाच उभा राहतो, तसे पाण्यातले कण उजळतात. त्यामुळे टॉर्च छोट्या ट्रेवर, कॅमेऱ्यापासून वीतभर बाजूला लावा आणि किंचित बाहेर वळवा. टॉर्च नसेल, तर हिरव्या पाण्यात जांभळट-गुलाबी फिल्टर लावा. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी. टॉर्च लावलात तर फिल्टर काढा.

मोबाइलच्या प्लास्टिक पाऊचचा मोह नको. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो, पाऊच स्क्रीनवर दाबला जातो आणि टच चालेनासा होतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा ओ-रिंगला. हाउसिंगच्या कडेची ही काळी रबरी कडी बोटांनी हळूच काढा, प्रकाशात धरून फिरवत पाहा. एक केस किंवा वाळूचा एक कण आडवा राहिला, तरी तिथून पाणी शिरतं. सिलिकॉन ग्रीसचा जेमतेम चमक येईल एवढाच हात फिरवा. जास्त ग्रीसला वाळू चिकटते. मग रिकाम्या हाउसिंगमध्ये टिश्यू पेपर ठेवून ते बादलीत अर्धा तास बुडवा. कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा आत ठेवा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हाउसिंग बंद केलं तर खाली काच आतून धुरकट होते. ते एसीच्या खोलीतच बंद करावं, आत सिलिका जेलची पुडी टाकावी. टीजी नुसताच नेणार असाल, तर बॅटरीच्या झाकणाचं रबरही असंच तपासा.

विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवाव्या लागतात, चेक-इनला चालत नाहीत. स्नॉर्केलिंगला तरंगणारा पट्टा घ्या. पहिल्या स्कूबाला कॅमेरा किनाऱ्यावरच राहू द्या: शरीर पाण्यात स्थिर ठेवता येत नाही तोवर फोटोही हलतात आणि पाय प्रवाळावर पडतात.

वर आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि बुडलेला असतानाच प्रत्येक बटण दाबा, म्हणजे खाचेतलं मीठ निघेल. उघडण्याआधी आपले ओले केस पुसायला विसरू नका.