दगडात अडकलेली लाट

भीमबेटका म्हटलं की गुहेतली चित्रंच आठवतात ना? १९५७ मध्ये वाकणकरांना सापडलेली. आज मी बोलणारे तो ती चित्रं ज्यावर काढलीत त्या दगडाबद्दल.

भोपाळजवळचा हा विंध्य गटातला वालुकाश्म, म्हणजे थरावर थर साचून घट्ट झालेली वाळू. काही ठिकाणी त्यावर बारीक वळ्या दिसतात. कोकणात ओहोटीनंतर ओल्या पुळणीवर चालताना तळपायाला लागतात, अगदी तशाच. आता ती वळी बाजूने बघा. दोन्ही उतार सारखे असतील, तर पाणी मागे-पुढे हलत होतं, म्हणजे लाटा. एक उतार लांब आणि दुसरा उभा असेल, तर पाणी एकाच दिशेने वाहत होतं, आणि उभी बाजू ज्या अंगाला, तिकडे ते चाललं होतं. आणखी एक गंमत: लाटांच्या वळीचं टोक अणकुचीदार आणि खळगा गोलसर असतो. त्यामुळे थर उलटा झाला असेल तरी कळतं! शेजारच्या थरात उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या बहुकोनी भेगा असल्या, तर तिथला चिखल मधेच उघडा पडून सुकला होता.

या सगळ्यावरून वाद कसा होतो, तेही इथेच दिसलं. २०२१ मध्ये ऑडिटोरियम गुहेच्या छताजवळ डिकिन्सोनियाचा जीवाश्म सापडल्याचं जाहीर झालं. हा जीव साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वीचा. दुसरे काही संशोधक मात्र हाच दगड १०० कोटी वर्षांच्या आसपासचा मानत होते, म्हणजे सरळ जवळजवळ दुपटीचा फरक! मग दुसरा गट तिथे जाऊन बघतो तर काय, ते होतं आग्या मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचं मेण, दगडावरून सुटत चाललेलं. २०२३ मध्ये हे छापून आलं, आणि आधीच्या गटाच्या प्रमुखांनी ते मान्यही केलं. मला हे फार आवडलं.

पोळं नुसतं पृष्ठभागावर चिकटलेलं होतं. वळीचं तसं नसतं. दगड आडवा फुटला असेल तिथे बघा, आतले बारीक थरही त्याच वळणाने गेलेले दिसतात.

डोंगरावर असं काही दिसलं तर फोटो दोन काढा: एक वरून, एक बाजूने. शेजारी एक नाणं ठेवा, आकार कळायला. दगड मात्र फोडू नका.